उघडणाऱ्या हाताने उत्तर द्यावे

वार्षिक निकालपत्रकांचे काम ऐन भरात आले असता एखाद्या शिक्षकाचा संगणक मंद चालू लागतो. तो दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो. दुकानदार यंत्र सुरू करून पाहतो आणि सांगतो की, मोठा दोष काही नाही. रॅमची एक पट्टी बदलली की काम भागेल. किंमत ठरते, आगाऊ रक्कम दिली जाते आणि यंत्र तेथे ठेवून शिक्षक घरी परततो. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे ठेवले जाते ते गार पडलेले खोके. "पट्टी बसविली, पण सर, मदरबोर्डच गेला. यंत्र जुने होते, आम्ही तरी काय करणार?" एवढ्यावर प्रकरण मिटविले जाते. दात दाखविण्यासाठी चालत गेलेला माणूस पाय मोडून परत यावा आणि वैद्याने त्याच्या वयाकडे बोट दाखवावे, तशातलाच हा प्रकार. नव्या मदरबोर्डाची किंमतही त्याच दमात सांगितली जाते. म्हणजे ज्याच्या टेबलावर यंत्र बंद पडले त्याच्याकडूनच ते पुन्हा चालू करून घ्यावयाचे, आणि त्याचे पैसेही यंत्राच्या मालकानेच मोजावयाचे!

हे चित्र नमुन्यादाखल असले तरी ज्याने संगणक वापरला आहे त्याला ते अपरिचित वाटणार नाही. कोठे बॅटरी बदलल्यावर कळफलक बंद पडतो, कोठे पडदा बदलल्यावर यंत्रच सुरू होत नाही, कोठे वीजपुरवठ्याची पेटी बदलल्यावर हार्ड डिस्क जळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे घडू शकते, तसे तालुक्याच्या गावच्या बसस्थानकासमोरील दुकानातही घडू शकते. अशा वेळी होणारा वाद नेहमी दोनच वाक्यांभोवती फिरतो. ग्राहक म्हणतो, "दिला तेव्हा चालू होता." दुकानदार म्हणतो, "आला तेव्हाच आतून गेलेला होता." दोघेही कदाचित प्रामाणिकपणे बोलत असतील. पण दोघांच्या हातांत कागद नसतो, आणि कागद नसला की ज्याच्या ताब्यात वस्तू आणि पैसे असतात त्याचेच म्हणणे खरे ठरते.

संगणक ही एके काळी मोठ्या कचेऱ्यांतील चैन होती. आज ती परिस्थिती राहिलेली नाही. शिक्षकाच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थेतील कारकुनाचे हिशेब, विद्यार्थ्याचा प्रबंध, घरी बसून मजकूर जुळवणाऱ्या गृहिणीची रोजी हे सारे त्या एका पेटीत साठविलेले असते. पेटी बंद पडली की केवळ एक वस्तू बिघडत नाही. काम थांबते, मुदत टळते, आणि पुष्कळदा वर्षानुवर्षांची मेहनत हाताबाहेर जाते. म्हणूनच सुटा भाग बदलल्यानंतर यंत्र निकामी झाले तर त्याची भरपाई कोणी व किती द्यावी, हा प्रश्न दुकानापुरता मर्यादित मानून चालणार नाही.

पेटीच्या आत काय घडते?

या प्रश्नाचा विचार करताना आधी यंत्राची बाजू समजून घेतली पाहिजे. संगणकाचा भाग बदलणे हे वरवर सोपे काम दिसते. चार स्क्रू काढावयाचे, जुना भाग उपसावयाचा, नवा बसवावयाचा. पण त्यात चूक होण्याच्या जागा अनेक आहेत आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या अंगावर साचलेला स्थिर विद्युतभार सुमारे ३,००० व्होल्टांपर्यंत पोचल्याशिवाय सहसा त्याला जाणवतही नाही. उलट संगणकातील काही नाजूक घटक १०० व्होल्टांहून कमी दाबाच्या आघातानेही दुखावले जाऊ शकतात. म्हणजे कारागिराला काहीही न कळता त्याच्या बोटाच्या स्पर्शाने घटक निकामी होऊ शकतो. यासाठीच जाणते कारागीर जमिनीशी जोडलेला पट्टा मनगटाला बांधून काम करतात. शिवाय असा दुखावलेला घटक त्याच क्षणी बंद पडतोच असे नाही. तो काही आठवडे चालतो आणि मग एके दिवशी थांबतो. तोवर दुकानदार व ग्राहक दोघेही ती दुरुस्ती विसरलेले असतात.

दुसरे उदाहरण वीजपुरवठ्याच्या पेटीचे, म्हणजे एसएमपीएसचे. काही पेट्यांच्या वायरी काढता-घालता येतात. या वायरींचे डिस्ककडील टोक सर्वत्र सारखे असते. पण पेटीकडील टोकातील तारांचा क्रम निरनिराळ्या उत्पादकांच्या, कधी कधी एकाच उत्पादकाच्या दोन नमुन्यांतही वेगळा असतो. पेटी बदलताना वेळ वाचविण्यासाठी जुन्याच वायरी तशाच ठेवल्या, तर ५ व्होल्टांच्या तारेतून १२ व्होल्ट जाऊ शकतात आणि बटण दाबताक्षणी डिस्क जळते. लॅपटॉपचा पडदा बदलताना बॅटरीची जोडणी आधी सोडविली नाही, किंवा पडद्याची वायर किंचित तिरकी बसली, तर पडद्यामागील प्रकाशासाठी असलेला अधिक दाबाचा प्रवाह शेजारच्या नाजूक वाहिनीत शिरतो. या तिन्ही प्रकारांत नवा भाग निर्दोष असतो आणि जुने यंत्रही निर्दोष असते. दोष असतो तो ते दोन्ही जोडणाऱ्या हातांचा.

तथापि कारागिराची बाजूही तितकीच खरी आहे. वर्षानुवर्षे तापून व थंड होऊन यंत्रातील डाकाचे सांधे भेगाळलेले असतात. पंख्यात धूळ दाटलेली असते. कपॅसिटर फुगलेले असतात. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड निकामी झाले. त्यांतील कित्येक यंत्रे दुरुस्तीच्या टेबलावर असतानाच बंद पडली असतील, आणि त्या वेळी बोल कारागिरालाच लागला असेल. मरणपंथाला लागलेले यंत्र उघडणे एवढेच ज्याचे पाप, त्याच्याकडून नव्या यंत्राची किंमत वसूल करणे हा न्याय नव्हे.

मग निवाडा कसा करावयाचा? येथेच मुख्य मुद्दा येतो. पेटीच्या आत काय घडले हे जाणून घेण्याची संधी दोघांपैकी एकालाच मिळालेली असते. ग्राहकाने यंत्र दिले तेव्हा ते बंद होते. परत मिळाले तेव्हाही ते बंदच आहे. मधला सारा व्यवहार त्याच्या डोळ्यांआड झाला. ज्याने झाकण उघडले, त्यानेच आतील धूळ, भेगा, फुगलेले कपॅसिटर पाहिले असणार. पाहिले असतील तर ते दाखविणे, लिहून ठेवणे आणि पुढे जाण्यापूर्वी मालकाला कळविणे त्याला शक्य होते. जो जाणू शकत होता त्यानेच सांगितले पाहिजे. ज्याने यंत्र उघडले त्याने उत्तर द्यावे, हे तत्त्व कोणाला शिक्षा करण्यासाठी नाही. सत्य जेथे सापडण्याचा संभव आहे तेथेच ते शोधावे, एवढाच त्याचा अर्थ.

कायदा काय म्हणतो?

हे तत्त्व भारतीय कायद्याला नवे नाही. १८७२ च्या करार कायद्यात, विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या आणि तो हेतू पुरा झाल्यावर परत घ्यावयाच्या वस्तूंविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. अशी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य समजूतदार मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेतली पाहिजे, असे त्यातील कलम १५१ सांगते. वस्तू ताब्यात असताना बिघडली तर आपण तितकी काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार ताबा घेणाऱ्यावर पडतो, ही न्यायालयांनी मान्य केलेली भूमिका आहे. शिंप्याकडे दिलेले कापड असो, घड्याळजीकडे दिलेले घड्याळ असो किंवा दुरुस्तीला दिलेला संगणक असो, नियम एकच.

त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा आला. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून या प्रश्नांवर जनमत घडवीत होती. २४ डिसेंबर १९८६ रोजी पहिल्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि त्याची जागा पुढे २०१९ च्या कायद्याने घेतली. तो जुलै २०२० पासून अमलात आहे. या कायद्याने सेवेतील उणिवेची व्याख्या व्यापक केली आहे. निष्काळजीपणाने किंवा कर्तव्य टाळल्याने ग्राहकाचे नुकसान होणे ही तर उणीव आहेच. पण महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविणे हीदेखील उणीव आहे. बिल न देणे आणि सदोष माल किंवा उणी सेवा मागे घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथांत मोडतात. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर त्यासाठी ३० दिवसांची मुदत कायद्यानेच धरली आहे. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही दुकानातील पाटी सदोष मालाच्या बाबतीत निरर्थक ठरते, ती यामुळेच.

दाद मागण्याचा मार्गही कागदावर तरी सोपा आहे. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असे बंधन नाही. दुकान कोठेही असले तरी तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. स्वयंरोजगारासाठी, केवळ उपजीविकेकरिता संगणक वापरणारा माणूसही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच असतो. त्याचा वापर व्यापारी आहे असे म्हणून त्याला दारातूनच परत पाठविता येत नाही.

इतके सारे असूनही आरंभी सांगितलेला शिक्षक आयोगाकडे जात नाही. त्याची कारणे कायद्यातच दडलेली आहेत. पहिले कारण पुराव्याचे. वस्तूतील दोष साध्या पाहणीने ठरविता येत नसेल तर ती प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद आहे, परंतु त्या तपासणीचे शुल्क प्रथम तक्रारदारानेच भरावयाचे. काही हजारांच्या वादासाठी आणखी काही हजार ओतावयाचे, आणि निष्कर्ष अनिश्चित, असा हा व्यवहार होतो. दुसरे कारण वेळेचे. तपासणी आवश्यक नसल्यास विरुद्ध पक्षाला नोटीस पोचल्यापासून ३ महिन्यांत आणि तपासणी आवश्यक असल्यास ५ महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. पण ग्राहक आयोगांवरील रिक्त पदांची २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयास स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून त्या मुदतीची अवस्था ध्यानात यावी.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. दुकानातील पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत "कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" असे छापलेले असते. अशा एकतर्फी अटींना २०१९ च्या कायद्याने अनुचित करार म्हटले, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. परंतु असा करार रद्द ठरविण्याची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगास दिला नाही; तो राज्य व राष्ट्रीय आयोगांकडे ठेवला. दोन हजारांच्या पावतीवरील एका ओळीसाठी गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या नागरिकाने राज्य आयोगाचे दार ठोठवावे, ही अपेक्षा कायदा करणाऱ्यांनी कोणत्या अनुभवाच्या आधारे बाळगली असेल?

चौथी गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. २०१९ च्या कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचे नवे प्रकरण घालण्यात आले, तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला. दुरुस्ती करणाराही त्यात जबाबदार धरला आहे. पण त्या प्रकरणातील अपायाच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूला झालेली हानी आणि आर्थिक तोटा वगळण्यात आला आहे. संगणकाचा स्फोट होऊन घर जळाले तर ते प्रकरण उपयोगी पडेल. नुसता संगणक जळाला तर नाही. यंत्र गमावलेल्या ग्राहकाने म्हणूनच सेवेतील उणिवेचा जुना मार्ग धरला पाहिजे.

परदेशांतील धडा

पुराव्याचा भार कोणी वाहावा, या वादातून मोठमोठ्या कंपन्यांनाही जावे लागले आहे. १९९४ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात चूक आढळली. आरंभी कंपनीची भूमिका अशी होती की, ज्यांना अचूक गणिताची खरोखर गरज आहे असे दिसून येईल त्यांनाच प्रोसेसर बदलून मिळेल. म्हणजे सदोष वस्तू विकणाऱ्याने स्वस्थ बसावयाचे आणि घेणाऱ्याने स्वतःची गरज शाबीत करावयाची. लोकांनी हे मानले नाही. २० डिसेंबर १९९४ रोजी कंपनीने, मागेल त्या प्रत्येकाला कारण न विचारता प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले. या प्रकरणाचा ४७.५ कोटी डॉलरचा बोजा तिने आपल्या हिशेबात दाखविला. प्रश्न विचारण्याची दिशा बदलताच न्यायाची दिशाही बदलली, हा त्यातील धडा आहे.

प्रस्तुत विषयाशी अधिक जवळचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. ॲपल कंपनीच्या काही आयफोनांचा फुटलेला पडदा किंवा बोटाचा ठसा ओळखणारे बटण लोकांनी बाहेरच्या कारागिरांकडून बदलून घेतले होते. फोन नीट चालतही होते. पुढे कंपनीची नवी प्रणाली त्यांत घालताच पडद्यावर ५३ क्रमांकाची त्रुटी उमटू लागली आणि फोन निकामी झाले. भाग बाहेरून बदलला असल्यामुळे आता आपल्यावर कोणतीही जबाबदारी नाही, असे कंपनीकडून ग्राहकांना सांगण्यात आले. २०१६ च्या फेब्रुवारीत बोभाटा झाल्यावर कंपनीने सुधारित प्रणाली दिली. तथापि ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये प्रकरण न्यायालयात नेले. किमान २७५ ग्राहकांना अशी चुकीची माहिती दिल्याचे मान्य झाले आणि जून २०१८ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. सुमारे ५,००० ग्राहकांशी संपर्क साधून त्यांना भरपाई देण्याचे पाऊलही कंपनीला उचलावे लागले. केवळ तिऱ्हाइताने दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून ग्राहकाचे कायदेशीर हक्क संपत नाहीत, हे तेथे निःसंदिग्धपणे ठरले.

तेथे ही लढाई २७५ ग्राहकांनी २७५ ठिकाणी लढविली नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्या वतीने एक सार्वजनिक यंत्रणा उभी राहिली. भारतातही अशी यंत्रणा आहे. २०१९ च्या कायद्यानुसार जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले असून अनुचित प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढण्याचा त्यास अधिकार आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी २०२२ मध्ये आणि ग्राहकाला नकळत फसविणाऱ्या संकेतस्थळांच्या रचनांविषयी २०२३ मध्ये तशा सूचना त्याने काढल्याही. दुरुस्तीचे दुकान मात्र त्याच्या नजरेतून अद्याप सुटलेले दिसते.

भरपाई किती?

जबाबदारी ठरली तरी भरपाईचे माप शिल्लक राहते. येथे भावनेपेक्षा हिशेब उपयोगी पडतो. पाच वर्षे वापरलेल्या संगणकाच्या बदली नवाकोरा संगणक मागणे योग्य नाही. दुरुस्तीला देण्याच्या दिवशी त्याची जी किंमत होती ती, किंवा तो पूर्ववत करण्याचा खर्च, हे योग्य माप होय. दुरुस्तीपोटी दिलेली रक्कम अर्थातच परत मिळाली पाहिजे. त्यापलीकडे त्रासाबद्दल भरपाई देता येते. ग्राहकाला झालेल्या छळाची व मनस्तापाचीही भरपाई या कायद्याखाली देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

अवघड भाग आहे तो आतील माहितीचा आणि बुडालेल्या कामाचा. याबाबतचा नियम ज्या खटल्यातून आला तोही, योगायोगाने, एका बिघडलेल्या सुट्या भागाचाच होता. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथील एका गिरणीचा दांडा मोडला. नमुन्यासाठी तो ग्रिनिचच्या कारखान्याकडे पाठविताना मालवाहकाने उशीर केला आणि तितके दिवस गिरणी बंद राहिली. मालकाने बुडालेल्या नफ्याची मागणी केली. १८५४ साली न्यायालयाने ठरविले की, जे नुकसान अशा चुकीतून स्वाभाविकपणे उद्भवते, किंवा करार करताना दोन्ही पक्षांच्या कल्पनेत होते, तेवढेच मागता येते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ७३ चा आशयही हाच आहे. याचा आजच्या भाषेत अर्थ असा की, यंत्रात अमूल्य प्रबंध आहे हे दुकानदाराला ठाऊकच नसेल तर त्या प्रबंधाची किंमत त्याच्याकडून मागता येणे कठीण आहे. ते ग्राहकाने आधी लेखी सांगितले पाहिजे. आणि दुकानदारानेही, माहितीची प्रत काढून ठेवली आहे काय, हे झाकण उघडण्यापूर्वी विचारले पाहिजे. ज्याची एकच प्रत अस्तित्वात आहे अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे हा मालकाचाही निष्काळजीपणाच आहे, हे कटू असले तरी सत्य आहे.

कारागिराला शस्त्रही द्या

जबाबदारी कारागिरावर टाकताना त्याच्या हाती साधने आहेत की नाहीत, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. लहान दुकानातील कारागीर बहुधा अनुभवातून शिकलेला असतो. अनेक उत्पादक यंत्राचे आराखडे त्याला देत नाहीत, अस्सल सुटे भाग विकत नाहीत आणि नकली भागांनी बाजार भरलेला असतो. अशा स्थितीत त्याच्या चुकीत उत्पादकाचाही वाटा असतो. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने, अमुकच कंपनीचा भाग किंवा सेवा घेतली तरच हमी चालू राहील अशी अट सर्वसाधारणपणे निषिद्ध ठरविली. २०१८ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने, झाकणावरील कागदी मोहोर फाटल्यास हमी संपेल असे सांगणाऱ्या कंपन्यांना तंबी दिली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढून सदस्य राष्ट्रांना ३१ जुलै २०२६ ची मुदत दिली. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक संकेतस्थळही उघडले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कंपन्या जी माहिती स्वखुशीने देतील तीच तेथे दिसणार. आराखडे व सुटे भाग देण्याचे बंधन कायद्याने घातल्याशिवाय गावोगावच्या कारागिराचा अंधारातील प्रवास संपणार नाही.

तोवर काहीच करता येणार नाही असे मात्र नाही. केंद्रीय प्राधिकरणाने दुरुस्ती व्यवसायासाठी एका पानाचा नमुना सक्तीचा करावा. यंत्र स्वीकारताना ते ग्राहकासमोर सुरू करून पाहिले जावे आणि काय चालते, काय चालत नाही, हे त्या पानावर लिहिले जावे. झाकण उघडल्यावर जुना दोष आढळला तर त्याचे छायाचित्र ग्राहकाला पाठवून पुढे जाण्याची अनुमती घेतली जावी. आज प्रत्येक कारागिराच्या खिशात कॅमेरा असलेला फोन असतो, तेव्हा हे अवघड नाही. बसविलेल्या भागाचा अनुक्रमांक लिहिला जावा, काढलेला भाग परत दिला जावा आणि कामाची हमी किती दिवसांची ते नमूद व्हावे. असे पान भरलेले असेल तर कारागिराला संरक्षण मिळेल. ते नसेल तर बिघाड दुकानातच झाला असे आयोगाने प्रथमदर्शनी धरून चालावे, आणि तसे नव्हते हे दाखविण्याची संधी दुकानदाराला द्यावी. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा पुरावा अनिवार्य नाही, जेथे घडलेली गोष्टच बोलकी आहे तेथे ती पुरेशी ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वैद्यकीय निष्काळजीपणाच्या एका प्रकरणात म्हटले होते. माणसाच्या शरीराला जो नियम लागू पडतो तो मदरबोर्डाला लागू पडण्यास हरकत कोणती? याबरोबरच अनुचित करारांविषयीच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगांना देणारी दुरुस्ती संसदेने करणे जरूर आहे.

ग्राहकानेही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. बिल मागितले की कर वाढतो म्हणून ते न घेणारा आणि नंतर न्याय मागणारा ग्राहक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. यंत्र देताना माहितीची प्रत काढणे, चालू स्थितीतील पडद्याचे छायाचित्र घेणे, बिलावर बदललेल्या भागाचे नाव लिहून घेणे, बिघाड कळताच लेखी तक्रार करणे आणि निकाल लागेपर्यंत यंत्र दुसऱ्या कोणाला उघडू न देणे, एवढी पथ्ये तरी पाळली गेली पाहिजेत. विशेषतः शेवटचे. संतापाच्या भरात दुसऱ्या दुकानात नेलेल्या यंत्राला दोन हात लागलेले असतात, आणि मग दोन्ही दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होतात. तक्रारीची पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. अनेक वाद त्या पायरीवरच मिटू शकतात.

दुरुस्ती हा विश्वासाचा धंदा आहे. घड्याळजी, शिंपी, सायकलवाला यांच्याशी घराण्याघराण्यांचे संबंध असत, ते या विश्वासामुळेच. बिघाड झालाच तर "माझ्या हातून गेले, मी भरून देतो" असे म्हणणारा कारागीर त्या काळी गिऱ्हाईक गमावीत नसे, उलट जोडीत असे. संगणकाच्या दुरुस्तीत ओळखीची ती जागा अनोळखी काउंटराने व बारीक अक्षरांच्या पावतीने घेतली आहे. जुना जिव्हाळा कायद्याने परत आणता येणार नाही. पण दोन सह्या असलेला एक कागद आणता येईल, आणि तो असता तर आरंभीच्या त्या शिक्षकाला गार पडलेले खोके काखोटीला मारून मुकाट्याने घरी परतावे लागले नसते.